आमच्या पॅसेजचं रुंदीकरण

हा आजार झालेल्या माणसाला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगतं, "घाबरू नका, यातून बरेच लोक पुन्हा चालायला लागतात." हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं की शेवटी मला त्यातला 'बरेच' हा एकच शब्द ऐकू यायला लागला. बरेच म्हणजे सगळे नव्हेत. तुमच्यापैकी कुणी आत्ता पलंगावर पडून याच शब्दाचा कीस काढत असेल, तर हे त्याच्यासाठी लिहिते आहे. डॉक्टरी माहिती यात सापडणार नाही. ती तुमचे नातेवाईक मोबाइलवर वाचून बसले असतीलच.

आधी माझी ओळख करून देते, कारण पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ माझ्या नोकरीत आहे. मी ज्योत्स्ना. वडील इथल्या कारखान्यात होते, म्हणून भोपाळमध्येच वाढले, आणि गेली कित्येक वर्षं सरकारी कार्यालयात बसून रस्ते आखते. खडी-डांबराशी माझा संबंध नाही. वळण किती गोल असावं, वळणावर बाहेरची कड किती उचलावी, चौकात आडवा येणारा माणूस किती लांबून दिसायला हवा, असल्या गोष्टी मी ठरवते. माणूस मूर्खपणा करणारच असं धरून चालायचं आणि त्या मूर्खपणात तो मरू नये अशी आखणी करायची, एवढंच आमचं शास्त्र. त्यामुळे मला शेजारी बसवून गाडी चालवायला घरात कुणी तयार नसतं.

घर शहराच्या टोकाला मिसरोदला, तळमजल्यावर. घरात आम्ही तिघं. नवरा विलास, त्याची गोविंदपुऱ्यात छोटी शेड आहे. तिथे खिडक्यांच्या जाळ्या आणि जिन्यांची रेलिंगं बनतात. तिसऱ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई. लग्न होऊन त्या वर्ध्याहून टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आल्या, अर्धं आयुष्य तिथे काढलं, पण बोलणं अजून वर्ध्याचंच आहे. मिसरोद त्यांच्या लेखी परगाव.

एकाच पायात चप्पल

एका लग्नात जेवून पोट बिघडलं आणि चार दिवसांत बरंही झालं. पुढच्या आठवड्यात पायांना मुंग्या यायला लागल्या. मी नव्या सँडलला दोष दिला. सँडल बदलल्या, तरी मुंग्या होत्याच. मग ऑफिसच्या खुर्चीला दोष दिला. मी अशी बाई आहे की अपघात झाला तर चालकाच्या आधी रस्त्याला विचारते, त्यामुळे स्वतःच्या पायांवर संशय घ्यायला मला जरा वेळच लागला.

एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तेव्हा आई माझ्या पायांकडे बघत होत्या.

"ज्योती, तुह्या एकाच पायात चप्पल हाय वो."

दुसरी ओट्याजवळ राहिली होती आणि ती निघाल्याचं मला कळलंच नव्हतं. आम्ही दोघी हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिऊन खुर्चीतून उठायला गेले तर पाय उठेनात. वरून हुकूम सुटला होता, खाली पोचलाही असावा, पण अंमलबजावणी शून्य. सरकारी खात्यात हे मी रोज बघते, अंगात पहिल्यांदाच बघत होते.

विलासने मला उचलायचा प्रयत्न केला. लोखंडाच्या पट्ट्या उचलणारा माणूस, पण बायको उचलण्याची सवय नव्हती. शेवटी त्याने रुग्णवाहिका बोलावली.

उलटं वळण

रुग्णवाहिकेत पडलेल्या माणसाला रस्ता दिसत नाही, तो फक्त अंगाला कळतो. मला तर तो जरा जास्तच कळत होता. वळणावर रस्त्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा उंच हवी, म्हणजे गाडी बाहेर फेकली जात नाही. याला आम्ही सुपरएलिव्हेशन म्हणतो. एका वळणावर मी स्ट्रेचरवरून सरळ दाराकडे घसरले. पट्टा बांधलेला होता म्हणून वाचले.

माझ्या डोक्याशी एक गंभीर चेहऱ्याचा मिशीवाला मदतनीस बसला होता. मी त्याला म्हटलं, "भैया, यहाँ सुपरएलिव्हेशन उल्टा है."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग विलासकडे झुकून हळूच म्हणाला, "भाईसाब, मरीज बहक रई हैं. डॉक्टर को बता देना."

"ये तो रोज ऐसा बोलती हैं," विलास म्हणाला.

"कब से?"

"शादी के बाद से."

मदतनिसाने हे इमानदारीने इमर्जन्सीत सांगितलं. तिथला तरुण डॉक्टर माझ्यावर वाकला आणि लहान मुलाला विचारावं तसं त्याने विचारलं, "आंटी, आपको पता है आप कहाँ हैं?" मी म्हटलं, "हाँ, अस्पताल में. आपका रैम्प बहुत खड़ा है." त्याने कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला आधी डोक्याचा फोटो काढायला पाठवलं. त्यात काहीही सापडलं नाही. हे वाक्य आई अजून येणाऱ्या-जाणाऱ्यांना याच शब्दांत सांगतात.

खरं निदान दुपारनंतर झालं. मेंदूविकारांचे डॉक्टर आले, सडपातळ, शांत गृहस्थ. त्यांनी छोट्या हातोडीने माझ्या गुडघ्यांवर टकटक केलं. गुडघे उडायला हवे होते. ते जागचे हलले नाहीत, आणि डॉक्टरांच्या चेहऱ्यावर एक रेषा हलली ती मी पाहिली. ते म्हणाले, शरीराचे पहारेकरी चुकून घरच्याच लोकांवर तुटून पडले आहेत, नसांवर. हे पायांपासून सुरू होतं आणि वर चढतं. एका जागी थांबतं आणि मग हळूहळू उतरतं.

"कुठे थांबतं?" मी विचारलं.

"देखते हैं," ते म्हणाले.

छातीपर्यंत चढलं तर श्वासासाठी यंत्र लावावं लागेल, हे त्यांनी विलासला बाहेर नेऊन सांगितलं. दार उघडंच होतं, मला ऐकू आलं. त्या क्षणी मला एकही विनोद सुचला नाही. मी छताकडे बघत राहिले आणि मला फार भीती वाटली. मरणाची कमी, आणि मानेखाली सगळं गप्प झालेलं असताना जागं असण्याची जास्त.

एका दमात

आयसीयूत दिवसातून कितीतरी वेळा एक परीक्षा असे. खोल श्वास घ्यायचा आणि तो सोडताना मोठ्याने आकडे म्हणायचे. एका दमात कुठवर पोचता, त्यावरून श्वासाची ताकद कळते. परीक्षा तोच तरुण डॉक्टर घेई, डोक्याच्या फोटोवाला.

मी भोपाळमध्ये वाढले, हिंदी मला मराठीइतकीच येते. पण घाबरलेला माणूस आईने शिकवलेलेच आकडे मोजतो. मी मराठीत सुरू केलं. विसापर्यंत डॉक्टर अंदाजाने मान डोलवत होता, पुढे त्याने हात टेकले. "आंटी, हिंदी में." मी प्रयत्न केला, पण आकडा आठवण्यातच अर्धा दम जाई. मग तोड निघाली ती अशी, की मी मराठीत मोजायचं आणि विलासने शेजारी उभं राहून प्रत्येक आकड्याचं हिंदी भाषांतर करायचं. बाकीच्या पेशंटांचे नातेवाईक पडद्याआडून बघायचे. त्यांना हा काहीतरी मंत्रोपचार वाटत असावा.

पहिले काही दिवस आकडा उतरत गेला. प्रत्येक वेळी थोडा आधी दम संपायचा. हातही गळाले होते. विलासचा आवाज मात्र दणदणीत होता. एका दुपारी मी थांबले आणि तो थांबला नाही.

डॉक्टर म्हणाला, "भाईसाब, आंटी तो पंद्रह पे रुक गईं. आप अठारह पे कैसे पहुँच गए?"

विलास भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सत्तावीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला एकदाही 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं म्हटलेलं नाही. त्या तीन जादा आकड्यांनंतर मीही त्याला ते विचारलेलं नाही.

यंत्र लागलं नाही. आकडा एका जागी थांबला, दोन दिवस तिथेच रेंगाळला आणि मग वर सरकू लागला.

त्या दिवसांतली दुसरं देवमाणूस म्हणजे वॉर्डातल्या परिचारिका कमलादीदी. हात उचलत नसला की नाक खाजणं ही केवढी यातना असते ते तुम्हाला आत्ता माहीत असेल, बाकीच्यांना कधीच कळू नये. फार तर दोन वेळा मी त्यांना विनंती केली असेन. त्यानंतर माझ्या पलंगाजवळून जाताना त्या स्वतःच थांबायच्या, "नाक?" विचारायच्या, मी डोळ्यांनी हो म्हणायचे, त्या खाजवून पुढे जायच्या. मोठमोठ्या नवसांच्या गोष्टी ऐकल्यात मी. मला त्या काळात देवाकडे मागायला एवढंच सुचायचं, की कमलादीदींची ड्यूटी बदलू नये.

पुढे हात परतले, मग कंबर, मग गुडघे. शेवटी एकदाचे पाय आले, तेही रुसलेल्या पाहुण्यासारखे, बसतो बसतो म्हणत उभेच. मी वॉकर धरून उभी राहू लागले तेव्हा डॉक्टरांनी घरी सोडलं. जाताना म्हणाले, "बस, गिरना नहीं है. बाकी सब अपने आप आएगा. कुछ महीनों में वॉकर भी छूट जाएगा."

रुंदीकरण

आता आमचा पॅसेज समजून घ्या. बेडरूममधून निघालं की एक लांबट पॅसेज, त्याच्या दुसऱ्या टोकाला बाथरूम. मधे डाव्या हाताला स्वयंपाकघराचं दार. पॅसेजमध्ये चपलांचं कपाट, आईंचं शिवणयंत्र, गव्हाचं पिंप, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि कुणीतरी भेट दिलेला एक मोठा पितळी मोर. त्यांच्यामधून वाट काढत जायचं.

व्हीलचेअरवरून घरात शिरता शिरता मी पाहणी केली. धोकादायक रस्त्याची करतो तशी, दोन्ही बाजूंचे अडथळे, वळणं, उजेड, सगळं. चहा यायच्या आत हुकूम सोडले. शिवणयंत्र हॉलमध्ये. पिंप बाल्कनीत. मोर शेजाऱ्यांना. कपाट बेडरूममध्ये. झिरोचा दिवा काढून मोठी ट्यूब. पलंगावर बसून मी रेलिंगचं चित्र काढलं, उंचीसकट. विलासने शेडमध्ये ते स्वतः वेल्डिंग केलं, घासून गुळगुळीत केलं, पिवळा रंग दिला आणि भिंतीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकलं. फरशीच्या कडेने मी चमकणारी पट्टीही चिकटवून घेतली, हायवेच्या कडेला असते तशी.

आई शिवणयंत्रामागून हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "आता टोल नाका कधी बसवता?"

मला मात्र फार समाधान वाटलं. आजारपणात आपल्या हातात काही राहत नाही. इथे निदान एक गोष्ट माझ्या मनासारखी झाली होती. रुंद, सरळ, उजळ, दोन्ही टोकं स्पष्ट दिसणारा रस्ता. नवशिका अभियंतासुद्धा शाबासकी देईल असा.

आठवड्यातून तीनदा फराह यायची, फिजिओथेरपिस्ट. पोरगी पंचविशीची, पण शिस्त हवालदाराची. "आंटी, धीरे. पहले वॉकर, फिर पैर, फिर साँस." पहिला आठवडा मी तसंच केलं. मग बाथरूमचा पल्ला सोपा वाटायला लागला. वॉकर, पाय, वॉकर, पाय. श्वास कधी गळला ते कळलं नाही. समोर काही नाही, बाजूला रेलिंग, डोक्यावर झगझगीत उजेड. मी फरशीकडे बघायचं सोडून दिलं. विलास म्हणाला, "अगं, किती जोरात चालतेस." मी म्हटलं, "सुधारणा आहे ती." आईंनी विचारलं, "काऊन धावून राहिली वो? कोन मागं लागलं?" मी हसले आणि अजून थोडी जोरात गेले.

एका सकाळी मी ऐन भरात बाथरूमकडे निघाले होते. स्वयंपाकघराच्या दारातून आई ताकाचं पातेलं घेऊन बाहेर पडल्या. त्यांना मी दिसले नाही, मला त्या दिसल्या नाहीत. वॉकर पातेल्यावर आदळला. आई ताकासकट खाली बसल्या, आणि मी वॉकरवरून त्यांच्या बाजूला कोसळले.

ताक फरशीवरून चमकत्या पट्टीपर्यंत गेलं आणि तिथे थांबलं.

विलास धावत आला. समोर जमिनीवर आई आणि बायको, दोघीही उठू शकत नाहीत, आणि हात त्याला दोनच. आधी कुणाला उचलायचं, हा प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येक नवऱ्याला आयुष्यभर पुरतो, पण तो इतक्या उघडपणे कुणापुढे आला नसेल. तो आमच्या दोघींच्या मधे वाकून तसाच राहिला.

आईंनीच सोडवलं. "हिले उचल आधी. मी बसली हाय इथं. ताक थंड हाय, मले बरं वाटून राहिलं."

लोका सांगे ब्रह्मज्ञान

कुणाचंही हाड मोडलं नाही. आईंचं मनगट आठवडाभर दुखलं, माझा खांदा काळानिळा झाला. पण ताकात आडवी पडलेली असतानाच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता, आणि तो ट्यूबचा नव्हता.

नव्या अभियंत्यांना मी पहिल्या दिवशी जे सांगते ते हे: वेगमर्यादेची पाटी कुणी वाचत नाही. गाडी किती जोरात न्यायची ते रस्ता सांगतो. अरुंद, वळणाचा, झाडं जवळ असलेला रस्ता माणसाला सांगतो, जपून. तोच सरळ आणि रुंद केला की माणसाला वाटतं आता धोका संपला, आणि तो जोरात जातो. मग आडवा रस्ता येतो. आमदारांना, ठेकेदारांना, वस्तीतल्या तक्रारदारांना मी हे कंठ सुकेपर्यंत सांगितलं आहे. आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या पायांसाठी मी काय केलं, तर रुंदीकरण. तेही स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या आंधळ्या चौकाकडे ढुंकून न बघता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्याच संध्याकाळी सामान परत आलं, पण या वेळी आखून. चपलांचं कपाट उजवीकडे, थोडं पुढे शिवणयंत्र डावीकडे, म्हणजे मधे वॉकर नीट जाईल पण नागमोडी जाईल. ट्यूब गेली, मंद उजेडाचा दिवा आला. रेलिंग राहिलं. मोर मात्र शेजाऱ्यांनी परत दिला नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी आईंनी आपली खुर्ची टाकली. त्यामागे कुठलंही शास्त्र नव्हतं. तिथे हॉलच्या पंख्याचा वारा येतो आणि टीव्हीही दिसतो. मांडीत मेथीची जुडी घेऊन त्या बसायच्या आणि मी आले की पाय आडवा करून विचारायच्या, "कुठं चालली?"

"बाथरूमला, आई."

"जा, जा. सावकाश जा."

दर फेरीला हे व्हायचं. मी थांबायची, उत्तर द्यायची, श्वास घ्यायची, मग पुढे. फराहने दोन दिवस बघितलं आणि म्हणाली, "ये जो दादी बैठी हैं, इनको यहीं रहने दो." माझी चाल सुधारली. पाऊल पडायचं तिथेच पडायला लागलं.

पण एक गोष्ट बिघडली होती. त्या पडण्यानंतर माझे हात वॉकर सोडेनात. पायांत ताकद आली, पोटऱ्या भरल्या, डॉक्टरांनी हातोडी मारल्यावर गुडघेही उडाले. तरी वॉकर दूर केला की मी मटकन बसायचे. फराहने सगळे प्रकार केले. एका हाताने धरा, एका बोटाने धरा, डोळे मिटा, गाणं म्हणा. शेवटी तिने माझ्या दोन्ही बाजूंना उशा लावल्या. उशांमध्ये उभं राहायलाही मी तयार झाले नाही.

"आंटी के पैर तो बिल्कुल ठीक हैं," ती विलासला म्हणाली, "दिमाग नहीं छोड़ रहा."

विलास तोवर वॉकरच्या रबरी टोप्या दोनदा बदलून आला होता. आता हा वॉकर कायमचाच, असं मी मनात मान्य करायला लागले होते. कुणाला बोलले नाही. ऑफिसात परत जायचं तर साइटवर जाता येणार नाही, बसून कागद तपासायचे, एवढंच राहील, हेही ठरवून टाकलं. मला त्याचं इतकं वाईट वाटायचं की मी दुपारी आईंवर विनाकारण चिडायची. आई ऐकून घ्यायच्या आणि मेथी निवडायच्या.

समोरचं दुकान

एका रविवारी सकाळी विलास म्हणाला, "चल, समोर पोहे-जलेबी खाऊन येऊ."

समोर म्हणजे आमच्या वसाहतीपुढच्या मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. रस्ता मी आखलेला नाही, पण त्याला गेली कित्येक वर्षं मनातल्या मनात दुरुस्त करत आले आहे. सिग्नल आहे, झेब्रा आहे. मी नको म्हटलं. आई म्हणाल्या, "जा. मले जलेबी घेऊन ये." मग काही इलाज उरला नाही.

पायी चालणाऱ्यांचा हिरवा दिवा लागला आणि आम्ही निघालो. हा दिवा किती वेळ ठेवायचा ते माणूस कोणत्या वेगाने चालतो असं धरून ठरवतात. तो धरलेला माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा आहे, कारण हिशोबात मी त्याला शेकडो वेळा रस्ता ओलांडायला लावलंय. त्याच्या हातात पिशवी नसते, कडेवर मूल नसतं, गुडघा दुखत नसतो. त्या दिवशी तो माझ्या बाजूने सरळ पलीकडे निघून गेला. मी निम्म्यावर असताना दिवा लुकलुकायला लागला.

"पटकन," विलास म्हणाला.

"पटकन नाही," मी म्हटलं. ताक मला चांगलंच आठवत होतं.

आम्ही कसेबसे मधल्या दुभाजकाशी पोचलो तोवर लाल झालं. चालणाऱ्यांना थांबायला दुभाजकात फट ठेवलेली असते. ही फट होती, पण इतकी अरुंद की माणूस मावेल आणि वॉकर मावणार नाही. सरळ ठेवला तर त्याचे पुढचे पाय पलीकडच्या रस्त्यावर उतरायचे. मागे घेतला तर मागचे पाय अलीकडच्या. विलासने तो जिन्यातून कपाट न्यावं तसा आडवा-तिरपा करून पाहिला. मंडीदीपकडे निघालेली एक बस इतकी जवळून गेली की माझी ओढणी तिच्या दिशेने उडाली.

माझं टाळकं फिरलं. कुणी काढली ही रुंदी? कागदावर बघून? मधे एखादी बाई बाबागाडी घेऊन अडकली असती तर? एखादा कुबड्यांवरचा माणूस? इथे साधी सायकलसुद्धा उभी राहत नाही. मी हे सगळं मोठ्याने बोलत होते, हात हवेत नाचवत, समोर तो आखणारा उभाच आहे अशा थाटात.

"अगं, पण वॉकरचं काय करू?" विलास ओरडला.

"घडी कर त्याची," मी ठेकेदाराला सांगावं तसं सांगितलं. "आणि हे बघ, कड तरी बघ, उतारच दिलेला नाही."

त्याने वॉकरची घडी केली आणि छातीशी धरली. मी कडेबद्दल आणखी काहीतरी बोलले. बोलता बोलता खाली पाहिलं.

माझे दोन्ही हात मोकळे होते. विलासचे दोन्ही हात वॉकरला गुंतलेले होते. रेलिंग नव्हतं, भिंत नव्हती, आईंची खुर्ची नव्हती. दोन्ही बाजूंनी गाड्या जात होत्या आणि मधल्या त्या हातभर जागेत मी आपल्या दोन पायांवर उभी होते, कधीपासून ते मला माहीत नव्हतं. डोकं दुभाजकावर चिडण्यात गुंतलं होतं, पायांना अडवायला तिथे कुणी हजर नव्हतं.

मी पडले नाही.

दिवा हिरवा झाला. "चल," विलास म्हणाला आणि वॉकर उघडायला लागला.

"थांब."

"काय झालं? चक्कर येतेय?"

"नाही. मी उभी आहे, विलास."

त्याने माझ्या हातांकडे पाहिलं, मग पायांकडे, आणि अर्धवट उघडलेला वॉकर तसाच पुन्हा मिटला. आमच्या बाजूने लोक भराभर पलीकडे चालले होते. एक म्हातारेसे गृहस्थ मागे वळून म्हणाले, "चलिए मॅडम, हरा हो गया." मी त्यांना मान हलवून हो म्हटलं, पण हलले नाही. मला रडू येत होतं, आणि डोळे पुसतानाही मी कशाला धरलं नाही. दिवा पुन्हा लाल झाला. आम्ही तिथेच होतो.